तोंडमिळवणी : नवा कमोड आणि भलत्याच जागी असलेला जुना पाइप

नवा कमोड बसवून तीन दिवस झाले आणि तो बोलायला लागला. फ्लश दाबला की पाणी काठाच्या दोन बोटं खालपर्यंत चढायचं, तिथे थबकायचं आणि मग पोटात वायू धरल्यासारखं गुडगुडत सावकाश खाली जायचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. त्यासाठीच डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधला भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवून घेतला होता. बसवणाऱ्या मिस्त्रींचं म्हणणं, "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." कमोड म्हणजे काही चप्पल नव्हे, चार दिवस घातली की सैल व्हायला.

मग ओळखीतून दुसरे एक मिस्त्री आले, साठीचे. त्यांनी फ्लश एकदाच दाबला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि विचारलं, "खालचा जुना ट्रॅप काढलाय ना?"

काढला नव्हता. तो काढायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. पुढचे चार दिवस घरात छिन्नी-हातोडा चालला, आणि त्या चार दिवसांत कमोड आणि पाइप यांच्यातल्या नात्याबद्दल जे कळलं ते इथे लिहितो आहे. नवा कमोड घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग आकार, मग किंमत. पाइपाचं तोंड कुठे आहे हे तो शेवटी बघतो. खरं तर कुठला कमोड घ्यायचा हे ते तोंडच ठरवत असतं.

आधी हा ट्रॅप म्हणजे काय ते बघू. कमोडच्या तळाशी कायम थोडं पाणी दिसतं. ते तिथे मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं. नळी वाकडी केलेली असल्यामुळे प्रत्येक फ्लशनंतर थोडं पाणी त्या वाकणात मागे राहतं आणि गटारातल्या दुर्गंधीला, वायूला आणि झुरळांना घरात यायची वाट बंद करतं. या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते. गटार आणि घर यांच्यामधला दरवाजा म्हणजे हे दोन इंच पाणी. ही युक्ती १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने पेटंट करून घेतली. घड्याळं बनवणाऱ्याला हे सुचावं याची मला गंमत वाटते.

आता गोम अशी की भारतीय पद्धतीच्या पॅनला, ज्याला बाजारात 'ओरिसा पॅन' म्हणतात त्याला, स्वतःचं वाकण नसतं. त्याच्याखाली वेगळा ट्रॅप बसवतात. कमोडचं वाकण मात्र त्याच्या पोटातच असतं. जुना ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड बसवला की एकामागोमाग एक असे दोन ट्रॅप होतात, दोन्हींत पाणी, आणि मधल्या तुकड्यात हवा कोंडलेली. वरून फ्लशचं पाणी येतं तेव्हा ही हवा दाबली जाते, तिला ना पुढे जाता येतं ना मागे, आणि ती पाण्यालाच अडवून धरते. आमचा कमोड बोलत होता तो याच हवेमुळे. पुढे जेव्हा तो जुना चिनीमातीचा ट्रॅप फोडून काढला, तेव्हा आत शाम्पूच्या बाटलीचं झाकण आणि टूथब्रशचा अर्धा तुकडा निघाला. किती वर्षं तिथे होता कोण जाणे.

म्हणजे पहिला मुद्दा सरळ आहे. भारतीय पद्धतीच्या जागी कमोड येत असेल, तर जुना ट्रॅप निघालाच पाहिजे. मिस्त्री टाळाटाळ करतात, कारण तो काढायचा म्हणजे चौथरा फोडायचा, आणि चौथरा फोडायचा म्हणजे राबिटाची, म्हणजे फोडलेल्या मालाची, पोती तीन मजले खाली न्यायची.

आता पाइपाच्या तोंडाकडे येऊ. दुकानदार विचारतो, "एस ट्रॅप की पी ट्रॅप?" गिऱ्हाईक घरी फोन लावतं, घरच्यांनाही माहीत नसतं. एस म्हणजे कमोडचं तोंड खाली, जमिनीत जाणारं. पी म्हणजे तोंड मागे, भिंतीत जाणारं. संडासात उभं राहून बघा, पाइप फरशीतून वर आलाय की मागच्या भिंतीतून बाहेर, एवढंच.

एस असेल तर भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. आपल्याकडे कमोड साधारण चार, नऊ किंवा बारा इंची अंतराचे मिळतात. पी असेल तर फरशीपासून भिंतीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. ती बहुतेक कमोडना सात इंचांच्या आसपास लागते. दोन्ही मापं पूर्ण झालेल्या कामावरून, म्हणजे टाइलच्या पृष्ठभागापासून धरायची. इथेच निम्म्या लोकांचं गणित चुकतं. भिंत नुसत्या विटांची असताना कोणीतरी बारा इंच मोजतं, मग त्यावर प्लास्टर चढतं, चिकटवायचा माल आणि टाइल चढते, आणि बाराचे साडेदहा होतात. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली तरी तीच गत. फरशीचंही तसंच. जुन्या फरशीवर नवी टाकली की भिंतीतल्या पाइपाची सात इंच उंची नकळत साडेपाचवर येते.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. चूक दोन्ही बाजूंना सारखी महाग नसते. कमोड नऊ इंची आणि पाइप बारा इंचांवर असेल, तर कमोडच्या मागे तीन इंच फट राहील, बस्स. तिथे छोटा ओटा बांधा आणि वर साबण ठेवा. पण कमोडला बारा हवेत आणि पाइप नऊवर असेल, तर टाकी भिंतीला अडते आणि कमोड बसतच नाही. भिंत तीन इंच मागे सरकवता येत नाही. भिंतीतल्या पाइपाचंही तसंच. तोंड कमोडच्या तोंडापेक्षा खाली असेल तर मध्ये बाक, म्हणजे वळणाचा जोड, घालून सहज उतरता येतं. वर असेल तर गाळ चढावर पाठवायचा कोणी? मग कमोडलाच ओट्यावर बसवावं लागतं.

एक-दीड इंचाचा फरक असेल तर बाजारात ऑफसेट कॉलर मिळते. तिची दोन तोंडं एका रेषेत नसतात, थोडी सरकवलेली असतात. पी ट्रॅपच्या कमोडला मागे बाक जोडून त्याचं तोंड जमिनीत वळवता येतं, किंवा पाइप बाजूच्या भिंतीत असेल तर तिकडेही नेता येतं. फक्त त्या बाकाला मागे जागा लागते, म्हणजे कमोड पुढे सरकतो. दरवाजा उघडताना त्याच्यावर आपटत नाही ना, हे आधी बघून घ्या. छोट्या संडासात तीन इंच म्हणजे गुडघा आणि दरवाजा यांच्यातलं सगळं अंतर. नागमोडी वळ्यांचा लवचिक पाइपही मिळतो, हवा तसा वाकतो म्हणून मिस्त्रींचा लाडका. उघड्यावर, हाताला लागेल अशा जागी त्याला माझी हरकत नाही. पण तो फरशीखाली गाडू देऊ नका. वळ्यांमध्ये घाण धरते, मध्येच झोळ पडतो, आणि त्या झोळात काय साचतं ते सांगायला नको.

फरक इंचांचा नसून फुटांचा असेल तेव्हा खरा प्रश्न येतो. समजा कमोड चार फूट पलीकडे हलवायचा आहे. माझ्या मते हे घरखर्चासारखं समजून घ्यावं. तुमच्याकडे भांडवल एकच आहे, उंची. कमोडच्या तोंडापासून बाहेरच्या उभ्या पाइपात जिथे शिरायचं तिथपर्यंत जेवढी उंची मिळते, तेवढीच तुमची शिल्लक. पाइप जेवढा लांब नेला तेवढी ती खर्च होते. चार इंची पाइपाला साधारण १:४० उतार धरतात, म्हणजे दर मीटरला २५ मिलिमीटर. चार फूट म्हणजे सुमारे १.२ मीटर, तेव्हा उतारात गेले ३० मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण पाइप स्वतः ११० मिलिमीटर जाड, त्यावर माल आणि टाइल मिळून आणखी पन्नासेक. एकूण १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. फरशीखाली तेवढी खोली नसेल तर फरशी तेवढी वर येणार. म्हणजे गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवायचा आणि त्या कमोडपर्यंत जायला साडेसात इंचांची पायरी चढायची!

उतार कमी पडला तर पाणी पुढे जातं, गाळ मागे राहतो, आणि सहा महिन्यांनी पाइप तुंबतो. पूर्वीच्या उंचावरच्या लोखंडी टाक्या साखळी ओढली की दहा-बारा लिटर पाणी धो-धो सोडायच्या, त्यांत थोडीफार चूक झाकली जायची. आताच्या दोन बटणांच्या टाकीतून साधारण तीन किंवा सहा लिटर येतं. पाणी वाचतं हे चांगलंच, पण तेवढ्या पाण्यात गाळ पुढे ढकलायचा तर उतार नीट लागतो. म्हणून उतार डोळ्यांनी ठरवू देऊ नका. पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल नळी कोणत्याही गवंड्याकडे असते. पाइपाच्या दोन्ही टोकांना ती धरली की उतार किती ते समोर दिसतं.

वळणंही खर्चातच धरायची. काटकोनातल्या एल्बोत वेग मरतो. तिथे पंचेचाळीस अंशांचे दोन बाक थोडं अंतर ठेवून घातले तर गाळ सहज वळतो. आणि जिथे वळण आहे तिथे झाकण असलेला बाक घालावा, ज्याला मिस्त्री 'डोअर बेंड' म्हणतात. उद्या तुंबलं तर झाकण उघडून काठी घालता येते. ते झाकण मात्र हाताला पोहोचेल असं ठेवायचं. टाइलमागे गाडलेला डोअर बेंड म्हणजे किल्ली आत ठेवून लावलेलं कुलूप.

आमच्याकडे नशीब बरं निघालं. बऱ्याच इमारतींत संडासाखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली असतो, त्याला 'संकन' म्हणतात, आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा करतात. चौथरा फोडल्यावर कळलं की आमचा स्लॅब फूटभर खाली आहे. जुना पाइप मागच्या भिंतीत शिरत होता तो फरशीच्या पातळीपासून सहा इंच खाली, पण पाच इंच डावीकडे सरकलेला, कारण उजवीकडे आरसीसीचा खांब. मिस्त्रींनी आधी दोरी ताणून कमोडची मध्यरेषा स्लॅबवर खडूने काढली, ओळंबा धरून तोंडाची जागा ठरवली आणि मग दोन पंचेचाळीसचे बाक हातात धरून खड्ड्यात उकिडवे बसून राहिले. पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसतंय, दादा. पण जेमतेम." सहा इंचांत बाक आणि उतार दोन्ही मावले. चौथरा गेला, पायरी गेली. आईला आत जाताना आता पाय उचलावा लागत नाही.

जिथे स्लॅब सपाट आहे आणि पाइप स्लॅबला भोक पाडून खाली, म्हणजे खालच्या फ्लॅटच्या छताला लटकत जातो, तिथे गोष्ट वेगळी. तिथे कमोड हलवायचा म्हणजे खालच्यांच्या घरात काम करायचं. त्यांना विश्वासात घ्या, सोसायटीला लेखी कळवा आणि परवानगी घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधून होणाऱ्या आतल्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च त्या सभासदाच्याच डोक्यावर येतो, हे लक्षात असू द्या. आणि काही झालं तरी तुळईला भोक पाडू देऊ नका. "एवढ्याने काय होतंय" म्हणणारा मिस्त्री काम संपवून घरी जातो, तुळई आपल्या डोक्यावर राहते.

कुठल्या पाइपाला जोडायचं, हाही प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला पाहिलं तर दोन उभे पाइप दिसतात. एक संडासाचा, तो सरळ चेंबरमध्ये जातो. दुसरा न्हाणीचा आणि मोरीचा, तो खाली गल्ली ट्रॅपवर, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या छोट्या कुंडीवर, सोडलेला असतो. शिवाय गच्चीवरचं पाणी आणणारा पावसाळी पाइप वेगळा. संडासाचा पाइप चार हात लांब आणि न्हाणीचा अगदी शेजारी, असं असलं की मोह होतो. कमोड न्हाणीच्या पाइपाला जोडला तर तळमजल्यावरच्या माणसाच्या खिडकीखाली जे उघड्यावर येईल त्याची कल्पना करा. पावसाळी पाइपाला जोडला तर ते नाल्यात जाईल. दोन्ही ठिकाणी मिस्त्री "चालतं" म्हणतील. चालत नाही.

हवेबद्दल थोडं. उभ्या पाइपातून वरच्या मजल्यावरचं पाणी धबधब्यासारखं खाली येतं तेव्हा त्याच्यामागे हवा ओढली जाते. हवेला दुसरी वाट नसेल तर ती तुमच्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी खेचून घेते आणि तो दरवाजा उघडा पडतो. म्हणून उभा पाइप गच्चीच्याही वर नेऊन त्याचं तोंड जाळीच्या टोपीखाली मोकळं ठेवतात. वरच्याने फ्लश केल्यावर तुमच्या न्हाणीचा ट्रॅप गुडगुडत असेल, तर आपल्या कमोडला दोष देण्याआधी गच्चीवर जाऊन ती टोपी बघा. कबुतराचं घरटं, तुटलेली कौलं, दुरुस्तीच्या वेळी कोणी कोंबलेलं पोतं, काहीही सापडू शकतं.

सांध्याकडे येऊ. बाहेरचा पाइप जुन्या बिडाचा असेल आणि आतला नवा पीव्हीसीचा, तर त्यांची मापं एकमेकांत चपखल बसत नाहीत. पूर्वी बिडाचे सांधे ताग ठोकून वर शिसं ओतून करत. आता बहुतेक जण मधली फट सिमेंटने लिंपतात. सिमेंट कडक असतं, पीव्हीसी गरम पाण्याने आणि उन्हाने फुगतं-आक्रसतं, आणि दोन-तीन वर्षांत केसाएवढी चीर पडते. तिथे रबरी अडॅप्टरच हवा. किंमत काही शेकड्यांत असते, पण सांगितल्याशिवाय कोणी घालत नाही. कमोडच्या बुडालाही पांढरं सिमेंट भरायची पद्धत आहे. ते टाळा. उद्या कमोड काढायची वेळ आली तर तो फोडूनच काढावा लागतो. सिलिकॉन लावा, आणि मागच्या बाजूला दोन बोटांएवढी जागा उघडी ठेवा. आतून गळत असेल तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सगळीकडून बंद केलं तर ते पहिल्यांदा खालच्यांच्या छतावर दिसतं.

भिंतीला टांगलेल्या कमोडबद्दल लोक विचारतात. दिसायला छान, खालून झाडू फिरतो. पण चार इंची विटांच्या भिंतीवर माणसाचं वजन टांगायचं नसतं, जमिनीवर घट्ट बसवलेली लोखंडी चौकट लागते आणि चौकटीसाठी सहा-आठ इंच जागा जाते. पाइप भलत्या उंचीवर असेल तर त्या चौकटीच्या पोटात बाक लपवायची सोय होते, हा तिचा खरा फायदा. आणि गाळ दळून बारीक पाइपातून वर ढकलणारे पंपही मिळतात. तळघरात किंवा जिथे उतार अजिबात मिळत नाही तिथे ते शेवटचा उपाय. वीज गेली की संडास बंद, एवढं मान्य असेल तर घ्या.

काम झालं की टाइल बसवायची घाई करू नका. पाइप जोडल्यावर, खड्डा भरायच्या आधी, कमोड नुसता ठेवून दहा-बारा वेळा फ्लश करा. टिश्यू पेपरचे बोळे टाकून बघा. प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवा, ओल लगेच दिसते. मग वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाइपाचं तोंड बूच मारून बंद करा, खड्ड्यात पाणी साठवा आणि निदान दोन दिवस ठेवा. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करा. आमच्या मिस्त्रींनी खूण केली आणि खाली जाऊन त्या काकूंना सांगून आले, "छताकडे लक्ष ठेवा, थेंब दिसला तर हाक मारा." दोन दिवस काकूंनी इतकं लक्ष ठेवलं की तिसऱ्या दिवशी मान धरली म्हणून बाम लावत बसल्या होत्या.

आणि भराव टाकायच्या आधी फोटो काढा, टेप लावून. भिंतीपासून किती, खांबापासून किती, फरशीखाली किती, सगळं आकड्यांसकट दिसेल असे. माझ्या फोनमध्ये आईच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या लगेच आधी त्या खड्ड्याचे चौदा फोटो आहेत. परवा नातेवाईकांना वाढदिवसाचे फोटो दाखवताना बोट चुकलं, तर मामा चष्मा वर करून म्हणाला, "थांब थांब, हा बाक कितीचा?"